303 की 304? एसएसची ऑर्डर घेण्याआधी हे बघा

सीएनसी टर्निंगचं छोटं युनिट टाकायचं ठरवलंय? मग आज मटेरियलबद्दल बोलूया.

304 चा जॉब लावला की लांबलचक चिप निघते आणि टूलला गुंडाळते. ऑपरेटर मशीन सोडून हलू शकत नाही. 303 मध्ये हे होत नाही, कारण त्यात गंधक किमान 0.15 टक्के असतं. 304 मध्ये ते फार तर 0.03. गंधक आणि मँगनीज मिळून बारीक कण तयार होतात, चिप तिथे तुटते. टूल जास्त चालतं.

मग सगळं 303 मध्येच करायचं का? नाही! गंजाची सुरुवात त्याच कणांपासून होते, आणि वेल्डिंगला तडे जातात. मी हा धडा पैसे मोजून शिकलोय. ड्रॉइंगवर नुसतं 'एसएस' लिहिलेलं, मी विचारलं नाही, 303 वापरलं. पार्ट पुढे वेल्ड होणार होता. अख्खा लॉट परत आला.

काही पोलादांत मशीनिंग सोपं व्हावं म्हणून शिसं घालतात, काही एसएसमध्ये सेलेनियम. दोन्ही विषारी. शिसं 327 अंशांना वितळतं, पोलादाची भट्टी 1500 च्या वर असते. वाफ कुणाच्या छातीत जाते, सांगायला नको. आणि तुमची चिप भंगारातून पुन्हा भट्टीतच जाते, म्हणजे पुन्हा तेच.

यावर जपानमध्ये चांगलं काम झालंय: शिशाऐवजी बोरॉन नायट्राइडचे कण. ग्रॅफाइटसारखे मऊ, थरथरांचे (म्हणजे एकावर एक थर असलेले), टूलला वंगण देणारे, आणि विषारी नाहीत. पण आपल्या बाजारात बार घ्यायला गेलात तर आज ते मागून मिळेल असं धरू नका. आपल्यासाठी व्यवहार्य रस्ता म्हणजे गंधक 0.015 ते 0.03 च्या दरम्यान ठेवलेलं 304. 303 इतकं सोपं नाही, पण साध्या 304 पेक्षा बरं कापतं.

बार घेताना मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि गंधकाचा आकडा स्वतः वाचा. युरोपला जाणारा इलेक्ट्रॉनिक्सचा पार्ट असेल तर शिशाचाही. रोह्सची सर्वसाधारण मर्यादा 0.1 टक्के आहे.

आणि चिप्सचे ड्रम वेगळे ठेवा, बाहेर ग्रेड रंगवून. 303 मिसळलं की 304 च्या भंगारालाही भाव पडतो. कूलंट रात्रभर निथळू द्या, ते गाळून परत टाकीत येतं.