आरंभाची खूण

मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याने जनुकावर लेख लिहावा, याचे काही मित्रांना नवल वाटेल. परंतु आरंभ कसा होतो, हा प्रश्न एकट्या शास्त्र शाखेच्या मालकीचा नाही, असे मला वाटते.

पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील सर्व डीएनएची नक्कल व्हावी लागते. माणसाच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत मोठ्या गुणसूत्रात सुमारे २५ कोटी अक्षरजोड्या आहेत. नक्कल करणारी यंत्रणा मिनिटाला साधारण २,००० जोड्या पुढे सरकते. मधोमध एकाच ठिकाणी सुरुवात करून दोन्ही दिशांना काम चालवले, तरी सुमारे दीड महिना लागेल! प्रत्यक्षात ते आठेक तासांत उरकते. कारण सुरुवात एकाच वेळी अनेक ठिकाणी होते.

मात्र त्यामुळे नवीच अडचण उभी राहते. एका जागी दोनदा सुरुवात झाली, तर तेवढा मजकूर अधिक होईल. अशा गोंधळातून कर्करोगही उद्भवू शकतो. यावर पेशीने शोधलेली युक्ती मला फार आवडली. परवाना आणि प्रत्यक्ष काम यांच्या वेळा तिने वेगळ्या ठेवल्या आहेत.

परवान्याचे काम करणाऱ्यांत ओआरसी-१ हे जनुक महत्त्वाचे. त्याचे प्रथिन आणखी पाच प्रथिनांसह डीएनएवर बसते. हा सहा जणांचा गट बेल आणि स्टिलमन यांनी १९९२ मध्ये प्रथम यीस्टमध्ये शोधला. तो आणखी दोन प्रथिनांच्या साहाय्याने डीएनएभोवती एमसीएम नावाची कडी चढवतो. कडी चढली की परवाना मिळाला. पण ती निष्क्रिय राहते. पुढे इशारा मिळाल्यावर काम सुरू होते, तेव्हा माणसाच्या पेशीत ओआरसी-१ चे प्रथिन नष्ट केले जाते. नवा परवाना द्यायला अधिकारीच जागेवर नाही! आपल्या कचेऱ्यांतही हे घडते, पण तेथे कामही थांबते.

हे जनुक दुबळे झाले तर? आईवडिलांकडून आलेल्या त्याच्या दोन्ही प्रतींत बिघाड असला, तर मायर-गॉर्लिन नावाचा दुर्मीळ विकार होऊ शकतो, हे २०११ मध्ये उघड झाले. उंची फार कमी, कान लहान, गुडघ्याची वाटी लहान किंवा नसलेलीच. पेशी वेळेवर दुभंगत नाहीत, म्हणून शरीरात त्यांची संख्याच कमी पडते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. बुद्धी मात्र बहुतेकांची सर्वसाधारण असते. ठेंगण्या माणसाशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलणाऱ्यांना हे ठाऊक नसते.