रोज पाच ओळी



"लिहायचं खूप आहे हो, पण वेळच मिळत नाही!" असं आपण सगळेच म्हणतो. परिपाठ, तास, माहितीचे तक्ते, घरचा स्वयंपाक यांत दिवस संपतो. लेखन सुट्टीवर ढकललं जातं आणि सुट्टीत काही सुचत नाही.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३. वाटतं, अशी प्रेरणा हवी! पण त्याआधी अमळनेरच्या शाळेत शिकवताना आणि वसतिगृह सांभाळताना ते मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढत. हात रोज लिहिता होता, म्हणूनच मनात दाटलेलं झरझर कागदावर उतरलं असणार.

आपल्याला दैनिक काढायचं नाही. एक वही, एक ठरलेली वेळ आणि पाच ओळी, एवढंच.

• विषय शोधू नका. आज वर्गात किंवा घरी मुलाने काय विचारलं, तेच लिहा. आज टिपलं नाही, तर महिन्याभराने ते आठवत नाही.
• लिहिताना खाडाखोड होऊ द्या. शुद्धलेखन नंतर तपासा.
• एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दहा नाही, पाचच ओळी लिहा.
• शक्यतो मुलांसमोर बसून लिहा.

"रोज लिहा" असं आपण मुलांना सांगतो, पण मोठ्यांना लिहिताना ती किती वेळा पाहतात? सांगून जे होत नाही, ते पाहून होतं. आज रात्री वहीवर तारीख टाका. पहिली ओळ सुचेलच!