चार तारांचा वर्ग : प्राथमिक शाळेतील युकुलेले

शाळेत संगीत हा विषय असला, तर बहुधा एकजण वाजवतो आणि बाकीचे गातात. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हाती वाद्य द्यायचे ठरवले, तर ते कोणते द्यावे? कॅनडा, अमेरिका, इंग्लंड इत्यादी देशांतील अनेक प्राथमिक शाळांनी या प्रश्नाला उत्तर म्हणून युकुलेले हे चार तारांचे छोटे वाद्य निवडले आहे. गिटारचे पिल्लू म्हणावे असे त्याचे रूप. त्याचा सर्वांत प्रचलित लहान प्रकार सुमारे २१ इंच लांबीचा असतो. हे वाद्य वर्गात कसे शिकवतात आणि त्यामागे कोणता विचार आहे, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम थोडा इतिहास. १८७९ च्या ऑगस्ट महिन्यात 'रेव्हन्सक्रॅग' नावाचे जहाज पोर्तुगालच्या मदिरा बेटावरील माणसे घेऊन होनोलुलू बंदरात आले. हवाई हे तेव्हा स्वतंत्र राज्य होते आणि ही माणसे तेथील उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी आली होती. त्यांनी आपल्याबरोबर आपले छोटे तंतुवाद्य आणले. त्याच जहाजाने आलेल्या मान्युएल नूनेश, ऑगुस्तो दियाश आणि जोझे दो एस्पिरितो सान्तो या तीन सुतारांनी पुढे होनोलुलूत अशी वाद्ये घडवून विकण्यास सुरुवात केली. हवाईचा राजा कलाकौआ याने या वाद्याला आश्रय दिला. हवाई भाषेत 'युकू' म्हणजे पिसू आणि 'लेले' म्हणजे उडी. तारांवरून उड्या मारणारी बोटे पाहून हे नाव पडले असावे, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. थोडक्यात, हे वाद्य मळ्यावरच्या मजुरांबरोबर आले आणि राजवाड्यात पोहोचले.

शाळेच्या दृष्टीने त्याचे गुण कोणते? ते लहान मुलाच्या कवेत मावते. तारा नायलॉनसारख्या मऊ असल्याने कोवळी बोटे फारशी दुखत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाजवणाऱ्याचे तोंड मोकळे राहते. पाश्चात्त्य शाळांत पूर्वापार शिकवली जाणारी रेकॉर्डर नावाची बासरी वाजवताना मुलाला गाता येत नाही. युकुलेले वाजवता वाजवता मूल गाऊ शकते.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. आपल्या परिचयाच्या भाषेत सांगायचे, तर पांढरी एक हा षड्ज धरला असता युकुलेलेच्या मोकळ्या तारा चौथीपासून पहिलीपर्यंत अनुक्रमे प, सा, ग, ध या स्वरांत लावतात. चारही स्वर एकाच सप्तकातले असतात. त्यामुळे चौथी तार सर्वांत खालच्या स्वराची नसते, हे या वाद्याचे वैशिष्ट्य होय. वाद्य छातीशी धरल्यावर जमिनीच्या बाजूची तार ती पहिली.

पहिल्या तासाला डाव्या हाताला काम नसते. उजव्या हाताने मोकळ्या तारा छेडीत लय धरायची, एवढेच. नंतर पहिला स्वरसमूह येतो. एकाच वेळी वाजणाऱ्या अशा स्वरसमूहाला पाश्चात्त्य संगीतात कॉर्ड म्हणतात. पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर अनामिका ठेवली की धैवताच्या जागी तार षड्ज येतो आणि प सा ग सां असा समूह वाजतो. ही सी कॉर्ड. एका बोटाने ती साधते. ज्यांना एकच कॉर्ड पुरते अशी गाणी शिक्षक आधी घेतात. तंबोऱ्याच्या आधाराने गाण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला यात काही परके वाटू नये.

दुसरी कॉर्ड ए मायनर. चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर मधले बोट ठेवायचे. स्वर येतात ध सा ग ध. तिसरी एफ. यात मधले बोट जागचे हलवायचेच नाही. तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर टेकवायची. आता ध सा म ध. त्यानंतर जी सेव्हन : तर्जनी आहे तेथेच राहते, मधले बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर जाते, अनामिका पहिल्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर येते आणि प रे म नी ऐकू येतात. एवढ्या चार कॉर्डांवर असंख्य सोपी गाणी गाता येतात.

या क्रमात अध्यापनाची खरी खुबी आहे. नवशिक्याची अडचण कॉर्ड धरण्यात नसते, ती एका कॉर्डीवरून दुसरीवर जाण्यात असते. बोटे उचलली की ती भांबावतात आणि लय तुटते. म्हणून कोणते बोट हलवायचे नाही, हे शिक्षक आधी सांगतो. ए मायनरकडून एफकडे जाताना मधले बोट राहते, कारण दोन्हींत धैवत आहे. एफकडून जी सेव्हनकडे जाताना तर्जनी राहते, कारण दोन्हींत मध्यम आहे. स्वरसंवादाचा नियम मुलाला पुस्तकातून समजण्याआधी त्याच्या बोटाला समजलेला असतो. महाविद्यालयातील पेटीवर हे चार समूह दाबून पाहावेत म्हणजे वाचकांना हे सहज पटेल.

वर्गातील व्यवहार मात्र सोपा नाही. तीस मुले म्हणजे एकशेवीस तारा. नव्या तारा ताणल्या जाऊन उतरत राहतात. शिक्षकाला त्या पुन्हापुन्हा लावाव्या लागतात. सूचना चालू असताना कोणी ना कोणी तार छेडतोच. म्हणून वाद्य मांडीवर आडवे ठेवून हात दूर घेण्याची खूण आधी शिकवतात. कधी अर्धा वर्ग वाजवतो, अर्धा गातो आणि मग अदलाबदल होते. त्यामुळे बोटांना विसावा मिळतो व कान जागा राहतो.

या पद्धतीवर एक आक्षेप योग्यच आहे. चार कॉर्डी खडखडवल्या म्हणजे संगीत आले का? याचे उत्तर कॅनडातील हॅलिफॅक्स शहरात मिळते. तेथे १९६७ मध्ये जे. चाल्मर्स डोन यांच्याकडे शहरातील शाळांच्या संगीतशिक्षणाची सूत्रे आली आणि त्यांनी युकुलेलेचा मोठा कार्यक्रम उभारला. पुढे तो कॅनडाभर पसरला. डोन यांच्या लेखी युकुलेले हे साध्य नव्हते, साधन होते. मुलांनी एकेका तारेवर धून वाजवावी, स्वरलेखन वाचावे, ऐकलेले ओळखावे, गावे आणि समूहात दुसऱ्याचे ऐकत वाजवावे, हा त्यांचा आग्रह. कॅनडाच्या शाळांत ते वाद्य एक स्वर चढवून लावीत आणि चौथी तार खालच्या सप्तकातल्या पंचमात ठेवीत, म्हणजे धून वाजवायला खाली अधिक वाव मिळे.

मी संगीताचा विद्यार्थी नाही. पण या विषयाने मला का धरले, ते सांगणे प्राप्त आहे. आमच्या गावच्या शाळेत एक पेटी होती. ती गुरुजी वाजवीत आणि सव्वीस जानेवारीला आम्ही तिच्यामागे गात असू. ज्यांचा आवाज बरा, ती पाच-सात मुले पुढच्या रांगेत. उरलेल्यांनी ओठ हलवावेत असा अलिखित नियम होता. पेटीला हात लावल्याचे मला आठवत नाही. 'संगीत आपल्यासाठी नाही' असे कोणी आम्हांला सांगितले नाही. ते आम्ही आपोआप शिकलो. कॉलेजात पाऊल टाकणारा आमच्या घरातला मी पहिला. 'हे आपल्यासाठी नाही' ही समजूत आणखी किती विषयांत अशीच न सांगता शिकवली जाते, याची त्यामुळे मला थोडीफार कल्पना आहे.

आपल्या शाळांनी युकुलेलेच आणावे, असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडे लेझीम आहे, टाळ आहे, खंजिरी आहे. वारीतल्या दिंडीत टाळ कोणाच्या हाती द्यावा याची परीक्षा घेतली जात नाही. चालणारा प्रत्येकजण तो वाजवतो आणि वाजवता वाजवता गातो. युकुलेलेच्या वर्गाचे तत्त्व याहून वेगळे नाही. मात्र टाळापुढची पायरी, म्हणजे स्वर ओळखणे, तो लिहिणे, वाचणे आणि दुसऱ्या स्वराशी जुळवून पाहणे, ही निवडक मुलांसाठी राखून ठेवू नये, एवढे हॅलिफॅक्सपासून घेण्यासारखे आहे. निवड करायचीच असेल, तर ती मुले वाजवायला शिकल्यानंतर करावी, आधी नव्हे.