कोणता गिअर गेला?

टोलेडो, ओहायो

चि. ओंकार यास,


तुझा निरोप वाचला. २००२ ची सिल्व्हराडो, ५.३ लिटरचं इंजिन. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. गॅरेजवाल्याने एक फेरी मारली आणि गिअरबॉक्स बदलायला सांगितला. उद्या तू आगाऊ रक्कम भरणार आहेस. दोन दिवस थांब, एवढंच सांगायला हे पत्र.

त्याचं म्हणणं खरंही निघेल. पण ते तपासून खरं ठरू दे. माझ्या पहिल्या पिकअपच्या वेळी मी थांबलो नव्हतो. सिग्नलवरून ती बैलगाडीसारखी जड निघायची आणि ‘डी’ टाकला की धक्का बसायचा. इथल्या एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त केलेला दुसरा बसवला. माझी दोन महिन्यांची बचत त्यात गेली. दहाव्या दिवशी तीच जड चाल, तोच धक्का. दोष होता गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या वायरिंगच्या कनेक्टरमध्ये. ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पिना हिरव्या पडल्या होत्या.

त्यामागचं कारण नीट समजून घे, कारण तुझ्याही गाडीत तोच ४एल६०-ई गिअरबॉक्स आहे. तो आमच्या टोलेडोतही बनत असे. त्यात गिअर बदलणारे दोन सोलेनॉइड असतात, ए आणि बी. दोन्हींना वीज मिळाली की पहिला, ए बंद झाला की दुसरा, दोन्ही बंद झाले की तिसरा आणि एकटा ए चालू झाला की चौथा. म्हणजे वीजच तुटली तर गाडी ‘डी’मध्ये थेट तिसऱ्यात उभी राहते. शिवाय ऑइलचा दाब आवरणारा सोलेनॉइडही मोकळा सुटतो, दाब चढतो आणि धक्के बसतात. फ्यूज, बॅटरीची टोकं आणि कनेक्टर पाहायला अर्धा तास लागला असता.

आता तुझी गाडी. आधी ऑइल बघ. आपल्याकडे इंजिन ऑइल इंजिन बंद करून पाहायची सवय आहे, ती इथे सोड. वीसेक मिनिटं गाडी चालव, सपाट जागी उभी कर, लिव्हर ‘पी’मध्ये, इंजिन चालू, आणि मग डिपस्टिक काढ. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि क्लच घसरतात. जास्त असेल तर ऑइलला फेस येतो आणि परिणाम तोच होतो. नंतर वास घे. चांगलं ऑइल लाल असतं. तपकिरी आणि करपट वासाचं असेल तर आत प्लेटा जळल्या आहेत. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी ऑइलमध्ये उतरलं आहे; मग गाडी हलवूसुद्धा नकोस.

१९९६ नंतरच्या गाडीला स्कॅनर लागतो, तो मित्राकडून माग. आधी कोड वहीत उतर, मगच पुसायचे. आणि तोवर बॅटरी काढू नकोस, नाहीतर पुरावा जाईल. पी०७५३ किंवा पी०७५८ आला तर सोलेनॉइडच्या विजेकडे बघ. पी१८७० म्हणजे आत कुठेतरी घसरतंय. या गिअरबॉक्समध्ये बहुतेक वेळा टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपच्या झडपेचं भोक झिजलेलं असतं.

मग रिकाम्या रस्त्यावर हळू चालव. तू क्लचच्या गाडीवर शिकलास. तिथे क्लच घसरला की पायाला कळतं. इथे पायाखाली क्लच नाही, म्हणून आरपीएमचा काटा आणि कान यांवरच भिस्त. कोणते गिअर चालतात आणि कोणते नाहीत, हे लिहून काढ. पहिला, दुसरा आणि रिव्हर्स ठणठणीत आहेत, तिसरा-चौथा गेले आहेत, तर ३-४ क्लचचा पॅक जळला आहे. तुझ्या वर्णनावरून मला हाच संशय आहे. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम गेले असतील तर सन शेल तुटलं आहे. दोन्ही दुरुस्त्यांना गिअरबॉक्स उघडावाच लागतो, पण काय दुरुस्त करायचं हे तूच सांगू शकशील. लॉकअपही तपास. ताशी पन्नास मैलांवर ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल नुसतं स्पर्शून बघ. काटा थोडा वर गेला तर लॉकअप लागत होता, असं समज.

शेवटी पॅन उतरव. गाडीखाली शिरण्याआधी चाकांना ठोकळे लाव आणि गाडी स्टँडवर घे. जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, हे मी तुझ्या आईला वचन दिल्यासारखं सांगतोय. ऑइल कोमट होऊ दे. गरम ऑइलने कातडी भाजते. चुंबकावर करडी मऊ पेस्ट असली तर ती नेहमीची झीज. चकाकणारे तुकडे किंवा काळा चोथा दिसला तर आतलं काहीतरी गेलं. कधी पॅनमध्ये भोवऱ्यासारखं एक छोटं प्लॅस्टिकचं बूच सापडतं. घाबरू नकोस. ते कारखान्यात डिपस्टिकच्या भोकात बसवलेलं असतं, नळी बसवताना आत पडतं. ते सापडलं म्हणजे पॅन आजवर कोणी उघडलाच नव्हता, आणि मग आधीच्या मालकाने ‘सर्व्हिसिंग केलंय’ म्हणून सांगितलं असेल तर ते खरं नाही. नवा फिल्टर बसवताना जुन्या फिल्टरचं रबरी सील वर अडकून राहिलं नाही ना, तेही बघ. पुन्हा भरायला साधारण पाच क्वार्ट ऑइल लागेल.

बाजारात ‘गिअरबॉक्स बरा करणाऱ्या’ बाटल्या मिळतात. जळलेली प्लेट बाटलीने पुन्हा उगवत नाही. त्या पैशाचं नवं डेक्सरॉन ऑइल घे.

शनिवारी मी घरीच आहे. डिपस्टिकचा, चुंबकाचा आणि तुझ्या वहीतल्या नोंदींचा फोटो पाठव, मग आपण बोलू. तोवर त्या गॅरेजच्या कागदावर सही करू नकोस.

तुझा,
मामा