नजर मागे ठेव

चि. बाळू,

नवी बोट पाण्यात उतरल्याचं ताईने फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. धक्क्याला लावताना शेजारच्या बोटीला घासलीस, हेही तिनेच सांगितलं.

तुझ्या जुन्या होडीचं मशीन मागे टांगलेलं होतं. मशीनच वळायचं, त्यामुळे पंखा ढकलेल तिकडे मागची बाजू जायची. आता पंखा तळाशी पक्का आहे, वळतं ते फक्त सुकाणू. त्यावरून पाणी जोरात वाहिलं तरच ते काम करतं. बोट थांबत आली की न्यूट्रलमध्ये चाक कितीही फिरव, उपयोग नाही. म्हणून आधी सुकाणू पूर्ण फिरव, मग गियर पुढे टाकून एक छोटा दणका दे आणि लगेच न्यूट्रल कर. वेग वाढण्याआधी बोट वळलेली असते. वळताना पुढची बाजू, म्हणजे नाळ, थोडी आत येते, पण मागची बाजू त्याहून जास्त बाहेर फेकली जाते. घासते ती तीच. तू नाळेकडेच बघत बसत असणार.

रिव्हर्सची खोड वेगळी. पुढे जाताना, मागून पाहिलं तर, तुझा पंखा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरत असेल, तर रिव्हर्स टाकल्यावर बोटीचा मागचा भाग डावीकडे ओढला जाईल. बोट दोरांनी बांधलेली असतानाच रिव्हर्स टाकून बघ: फेस ज्या बाजूला उसळेल, त्याच्या उलट बाजूला मागचा भाग सरकतो.

मागचा भाग डावीकडे जात असेल, तर आपल्या दाभोळला ही खोड कामाची आहे. ओहोटीत समुद्रावरून येताना वाशिष्ठीचं पाणी समोरून येतं आणि धक्का डाव्या हाताला असतो. थोडं तिरपं ये, नाळ धक्क्याजवळ आली की रिव्हर्स दे. मागचा भाग आपसूक आत येतो. भरतीत मात्र पाणी पाठीमागून ढकलतं. तेव्हा सरळ लावायला जाऊ नकोस. धक्का ओलांडून पुढे जा, वळ आणि प्रवाहाला तोंड देऊन ये. आता धक्का उजवीकडे, म्हणजे रिव्हर्स तुला बाहेर ओढणार. म्हणून जवळजवळ समांतर ये आणि मागचा दोर लवकर टाक.

नारळी पौर्णिमेला जपून. तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब तुला ठाऊक आहे: पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्या सुमाराला भरती पुरी. पौर्णिमा म्हणजे उधाण. दुपारी दोन-अडीचला ओहोटीची ओढ सगळ्यात जास्त, आणि धक्क्यावर गर्दीही तेव्हाच. भरतीला बांधलीस तर दोर ढिला सोड, नाहीतर पाणी उतरल्यावर बोट दोरावर लटकेल.

सुटताना नाळेजवळचा दोर धक्क्यावरच्या मागच्या खुंट्याला अडकव, सुकाणू धक्क्याकडे वळवून हळू पुढे दे. मागचा भाग बाहेर निघाला की दोर सोड आणि रिव्हर्समध्ये नीघ. धक्क्याला लावणं आधी खाडीत मोकळ्या जागी रिकामा डबा नांगरून, त्यालाच धक्का मानून घोटून घे. बर्फ-डिझेल भरल्यावर पुन्हा करून बघ; जड बोट उशिरा थांबते, रिकामी वाऱ्याने भरकटते.

आणि खलाशांना बजाव: बोट थोपवायला मध्ये पाय घालायचा नाही. बोटीच्या कडेचा टायर फाटला तर दुसरा बांधू.

तुझा
मामा