दान द्यावे, पारखून द्यावे

बौद्ध धम्मात दान ही पहिली पारमिता मानली आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा किमान विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा, असे आवाहन केले. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील आपले बांधव कारखान्यात, रेल्वेत, नगरपालिकेत राबून आणि आपल्या भगिनी घरकाम करून हे दान देत आल्या आहेत. हा पैसा घामाचा आहे. म्हणून तो कोठे जातो हे पाहणे हेही धम्मकार्यच होय, असे आम्हांस वाटते.

जयंती, वर्षावास किंवा महापरिनिर्वाण दिन जवळ आला की पावतीपुस्तके फिरू लागतात. पावतीवर तथागतांचे आणि बाबासाहेबांचे छायाचित्र दिसले की आपण प्रश्न विचारीत नाही. "समाजाचेच काम आहे, विचारायचे कशाला?" असे म्हणून हात खिशात जातो. परंतु कालाम सुत्तातील शिकवण काय आहे? एखादी गोष्ट ऐकीव आहे, परंपरेने आली आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून ती मानू नये. स्वतः पडताळून पाहावी. जी कसोटी खुद्द उपदेशाला लावायची, ती वर्गणी मागणाऱ्याला लावण्यात गैर काय?

बाबासाहेबांचेच उदाहरण घेऊ. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा. दोन्ही संस्था त्यांनी रीतसर नोंदविल्या. ज्यांच्या एका शब्दावर लाखो लोक सर्वस्व देण्यास तयार होते, त्यांनीही संस्थेला कायद्याचा आधार दिला. मग आजच्या कार्यकर्त्याने कागद दाखविण्यात कमीपणा का मानावा?

महाराष्ट्रात बहुतेक लहान मंडळे दोन कायद्यांखाली नोंदविलेली असतात. एक संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि दुसरा १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. म्हणून अशा मंडळाच्या पावतीवर सहसा दोन क्रमांक असतात. एक 'महाराष्ट्र' किंवा 'महा' या अक्षरांनी सुरू होणारा, दुसरा 'एफ' या अक्षराचा. सोबत जिल्ह्याचे नाव. आपल्या तिन्ही शहरांसाठीचे धर्मादाय कार्यालय ठाण्यास आहे.

दान देण्यापूर्वी पुढील प्रश्न नम्रपणे विचारावेत.

१. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आहे काय? पावतीवरील नाव प्रमाणपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळते का ते पाहावे. नामांकित संस्थेच्या नावात एखादा शब्द वाढवून पुस्तके छापणे अवघड नसते. "अर्ज केला आहे" याचा अर्थ अद्याप नोंदणी झालेली नाही, एवढाच.

२. विश्वस्त कोण आहेत? धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट एकमध्ये, त्यांची नावे असतात. अर्ज करून व शुल्क भरून तिचा उतारा मिळतो. विश्वस्त बदलल्यास नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. दारात आलेल्या 'अध्यक्षां'चे नाव तेथे नसेल तर कारण विचारावे.

३. मागील वर्षाचा हिशोब सादर झाला काय? वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे मार्चअखेरच्या हिशोबासाठी ३० सप्टेंबरपर्यंत, लेखापरीक्षकाचा अहवाल सादर व्हावयास हवा. ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक ही दोन पाने पुरेत. जमा किती, प्रत्यक्ष कामावर खर्च किती आणि छपाई, प्रवास, सत्कार यांवर किती, एवढे वाचता आले की बरेचसे समजते.

४. पैसे कोणाच्या नावावर जाणार? बँकेत काम करीत असल्याने हा मुद्दा आम्ही आग्रहाने मांडतो. संस्थेचे खाते उघडताना बँक नोंदणी प्रमाणपत्र, घटना, कार्यकारिणीचा ठराव व पॅन मागते. त्यामुळे संस्थेच्या नावाचे खाते हीच एक प्राथमिक तपासणी असते. धनादेश संस्थेच्या पूर्ण नावाने, रेखांकित करून द्यावा. मोबाईलवरून पैसे पाठविताना पडद्यावर खातेदाराचे नाव येते. तेथे एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले तर थांबावे. मात्र कोणाच्या खात्यात किती रक्कम आहे हे आम्हां बँकवाल्यांना विचारू नये. ते सांगणे नियमात बसत नाही.

५. पावतीवर अनुक्रमांक, तारीख, कारण व सही आहे काय? आयकरातील '८०-जी' सवलत सांगितली जात असेल तर तिच्या मंजुरीचा क्रमांक विचारावा. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख दानावर ही सवलत मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती नाही.

रुग्णासाठी मदत मागितली गेली तर रक्कम शक्यतो थेट रुग्णालयात भरावी. तसेच धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा सवलतीच्या दरात राखीव असतात, हे त्या कुटुंबास अवश्य सांगावे. कधी कधी ही माहिती आपल्या शंभर रुपयांहून मोलाची ठरते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. नोंदणी नाही म्हणजे लबाडी, असे समजू नये. २६ जुलै २००५ च्या महापुरासारख्या प्रसंगी वस्तीतील दहा मुले एकत्र येऊन खिचडी शिजवितात, त्यांच्याकडे प्रमाणपत्र कोठून असणार? तेथे तांदूळ द्यावा, हात द्यावा. पण तेच मंडळ दरवर्षी वर्गणी गोळा करणार असेल तर त्याने कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि पुढे नोंदणी करावी. त्या कामी सुशिक्षितांनी त्यास साह्य करावे. उलट, नोंदणी आहे म्हणजे सचोटी आहे, असेही नाही. प्रमाणपत्र संस्थेचा जन्म सांगते, वर्तन सांगत नाही. वर्तन पाहण्यासाठी अभ्यासिकेत, वसतिगृहात, विहारात प्रत्यक्ष जावे लागते. तेथे मुले बसलेली आहेत की नुसता फलक आहे, हे डोळ्यांना दिसते.

फसवणूक झाली तर नुकसान केवळ आपल्या शंभर-दोनशे रुपयांचे होत नाही. एकदा हात पोळलेला माणूस पुढे खऱ्या कार्यकर्त्यालाही दारातून परत पाठवितो, आणि ज्या विद्यार्थ्याची परीक्षा फी त्या पैशातून भरली जाणार होती तो मागे राहतो. म्हणून संशय आल्यास गप्प बसू नये. पावती जपून ठेवून धर्मादाय कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करावी.

आणि हे सारे प्रश्न प्रथम आपल्या स्वतःच्या संस्थेला विचारावेत. वार्षिक हिशोब विहाराच्या फलकावर लावावा, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी तो सभेत सर्वांना वाचून समजावून द्यावा, सभासदांनी शंका विचाराव्यात. हिशोब विचारणारा सभासद हा संस्थेचा शत्रू नसून तिचा राखणदार आहे, ही जाणीव रुजली तर विसाव्या भागाचे दान देण्यास कोणीही मागेपुढे पाहणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!