मोटारीच्या तळाखालील इंधननळ्या

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं आज जीप, मोटार अगर लहान मालमोटार उभी असते. बैलाच्या खुरांत खडा रुतला तर तो त्याच दिवशीं काढणारा शेतकरी मोटारीच्या पोटाखालीं मात्र सहसा डोकावत नाहीं. टाकीपासून एंजिनापर्यंत डिझेल अगर पेट्रोल नेणारी, करंगळीहूनही बारीक अशी नळी तेथें उघडी असते. बहुतेक गाड्यांत ती पोलादी असते, आणि चाकांनीं उडविलेला चिखल, खडी व पाणी यांचा मारा तिला बारमाही सोसावा लागतो. तिचें रक्षण कसें करावें याविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे, कारण या बाबतींत आम्ही स्वतः चुकलों आहों.

आमच्याकडे एक जुनी डिझेल जीप होती. खडीचा मार लागूं नये म्हणून आम्हीं सायकलची जुनी ट्यूब चिरून नळीवर गुंडाळली व दोन्ही टोकें तारेनें आवळलीं. मोठें शहाणपणाचें काम केलें असें तेव्हां वाटलें. तीन पावसाळे गेले. पुढें गाडी सकाळीं सुरू होण्यास त्रास देऊं लागली व चढावर दम टाकूं लागली. एका मिस्त्रीनें फिल्टर बदलला, दुसऱ्यानें पंपाकडे बोट दाखविलें; पैसे दोघांनींही घेतले. जमिनीवर तेलाचा थेंब नसल्यामुळें नळीचा संशय कोणासच आला नाहीं. अखेर ट्यूब कापली तेव्हां आंत ओला चिखल निघाला, आणि नळीला सुईच्या अग्राएवढीं दोन छिद्रें! अशा जुन्या गाड्यांत पंप एंजिनाजवळ असून तो टाकींतलें डिझेल ओढून घेतो. म्हणून गाडी चालू असतां छिद्रांतून हवा आंत शिरते. पेट्रोलच्या हल्लींच्या मोटारींत प्रकार उलट आहे. तेथें पंप टाकींतच असून नळींत दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ३ ते ४ किलोग्रॅम दाब असतो. तेथें छिद्र पडल्यास पेट्रोलची पिचकारी उडते, व ती तापलेल्या सायलेन्सरवर पडली म्हणजे गाडी पेट घेण्यास उशीर लागत नाहीं.

आमच्या ट्यूबेनें नळी वांचविण्याऐवजीं खाल्ली, याचें कारण कुंपणाच्या लोखंडी खांबांत दिसतें. तो खांब बहुधा वर कुजत नाहीं, खोल जमिनींतही फारसा कुजत नाहीं. तो मातीच्या कडेशीं कुजतो. जेथें ओल टिकते, आणि एका बाजूस हवा भरपूर व दुसऱ्या बाजूस कमी, तेथें कमी हवेच्या भागांतलें लोखंड झिजूं लागतें. चिखलाच्या लपक्याखालीं, पट्टीच्या आंत, गुंडाळीखालीं हीच स्थिति असते. उघडी नळी पावसांत भिजली तरी वाऱ्यानें सुकते. झांकलेली सुकत नाहीं. त्यांत मीठ मिळालें कीं गंजाचा वेग वाढतो. कोंकणपट्टीच्या खाऱ्या हवेची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पण देशावरचे आपण म्युरिएट ऑफ पोटॅशच्या पिशव्या त्याच गाडींतून आणतों व सांडलेलें खत फळीच्या फटींतून चासीवर पडूं देतों, हें ध्यानांत येत नाहीं. तें खतही एक प्रकारचें मीठच आहे.

तेव्हां उपाय झांकण्याचा नसून धुण्याचा, सुकविण्याचा व रंगविण्याचा आहे. पावसाळा संपल्यावर, तसेंच खताची प्रत्येक वाहतूक झाल्यावर, गाडी तळाकडून साध्या पाण्यानें धुवावी. नंतर ती खड्ड्यावर अगर रॅम्पवर घेऊन टाकीपासून एंजिनापर्यंत नळी बोटांनीं चांचपून पाहावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कदापि शिरूं नये. एंजिन थंड असावें, बॅटरीची तार काढलेली असावी, आणि विडी दूर ठेवावी. पट्ट्या एकेक सोडवून त्यांच्याखालचा भाग अवश्य पाहावा. आमच्या अनुभवानें निम्मा गंज तेथेंच सांपडतो. वरवरचा तांबूस गंज बारीक पॉलिश कागदानें हलक्या हातानें काढावा. जोरानें घासल्यास नळीवरील जस्ताचा मुलामा जातो. नळी पूर्ण कोरडी झाल्यावर रेड ऑक्साइडचे दोन हात व वर चासीचा काळा रंग द्यावा. रबरी नळ्या व सांधे रंगवूं नयेत. पट्टी परत बसवितांना तिच्यांत रबराचें अस्तर असावें, नाहींतर हादऱ्यानें रंग घासून जातो. एंजिनांतून काढलेलें जळकें ऑईल फांसण्याची चाल आपल्याकडे आहे. त्यावर धूळ बसून थर होतो आणि जवळचें रबर फुगतें, म्हणून ती सोडावी. खडीचा मार फारच असेल तर नळीस न चिकटणारी, खालून उघडी अशी पत्र्याची आड बसवावी.

नळीवर पापुद्रे सुटत असतील किंवा नखास खड्डे लागत असतील तर रंग लावून मनाचें समाधान करूं नये, नळी बदलावी. तिच्या जागीं तांब्याची घालूं नये. हादऱ्यानें तांबें कडक होऊन चिरतें, व त्याच्या स्पर्शानें डिझेल लवकर बिघडतें. रबरी तुकडा घालणें असल्यास तो इंधनाकरितां बनविलेलाच घ्यावा, पाण्याचा नव्हे. सन २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. जुन्या मोटारींच्या रबरास तें मानवतेंच असें नाहीं, व इथेनॉल पाणी शोषून घेत असल्यामुळें नळीस आंतूनही गंज चढूं शकतो. पेट्रोलच्या गाडीची नळी सोडविण्यापूर्वीं तींतील दाब उतरवावा लागतो. तें काम जाणत्या मिस्त्रीकडेच सोंपवावें, आणि जुन्या नळीस डांक लावूं नये.